लिटल काइट्स

लिटल काइट्स हे केरळमधील शासकीय व अनुदानित माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांचे माहिती तंत्रज्ञान मंडळ आहे. शाळेतील संगणक, प्रोजेक्टर इत्यादी साधनांची निगा राखणे, त्यांच्या वापरात शिक्षकांना साहाय्य करणे आणि सभासदांना तंत्रज्ञानाचे शिक्षण देणे ही त्याची प्रमुख उद्दिष्टे आहेत. जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमाचे संचालन 'काइट' ही राज्य शासनाची कंपनी करते. मंडळाचे नावही त्यावरूनच पडले. इंग्रजीत त्याचा अर्थ 'छोटे पतंग' असा होतो.

पार्श्वभूमी

शास्त्रज्ञ उडुपी रामचंद्र राव यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाच्या शिफारशींच्या आधारे केरळमध्ये २००१ साली 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प सुरू झाला. पुढे शालेय संगणकशिक्षणासाठी राज्याने मुक्त सॉफ्टवेअरचा अवलंब केला. २०१७ साली या प्रकल्पाचे रूपांतर काइट कंपनीत झाले. त्यानंतर 'हाय-टेक शाळा' योजनेतून आठवी ते बारावीच्या ४५,००० वर्गखोल्यांत लॅपटॉप व प्रोजेक्टर बसविण्यात आले.

साधनांच्या या विस्तारामुळे देखभालीचा प्रश्न तीव्र झाला. संगणक केवळ प्रयोगशाळेत होते तेव्हा एखादे यंत्र बंद पडले, तरी शेजारच्या यंत्रावर काम भागत असे. वर्गातील एकमेव प्रोजेक्टर बंद पडल्यास मात्र संपूर्ण तास अडतो. प्रत्येक शाळेत पूर्णवेळ तंत्रज्ञ नेमणे व्यवहार्य नसल्याने शाळेतच जाणकार मनुष्यबळ घडविणे आवश्यक ठरले.

रचना

इयत्ता आठवीतील इच्छुक विद्यार्थ्यांची अभिरुची चाचणी घेऊन सभासद निवडले जातात. एका शाखेत साधारणतः २० ते ४० सभासद असतात. शाखेची जबाबदारी दोन शिक्षकांवर असून त्यांना 'काइट मास्टर' व 'काइट मिस्ट्रेस' असे संबोधले जाई. सभासदत्व दहावीपर्यंत चालते. सुमारे २,००० शाळांत शाखा असून एकूण सभासदसंख्या एक लाखाहून अधिक आहे.

प्रशिक्षणात हार्डवेअर, इलेक्ट्रॉनिक्स, ॲनिमेशन, आज्ञावली-लेखन, मल्याळम संगणन व सायबर सुरक्षितता या विषयांचा समावेश होतो. शाळा, उपजिल्हा, जिल्हा व राज्य अशा क्रमाने शिबिरे भरतात.

देखभालीचे स्वरूप

शालेय संगणकांतील अनेक अडचणी किरकोळ असतात. सैल झालेली तार, चुकीची जोडणी, साचलेली धूळ, मिटलेली फाइल किंवा बिघडलेली संगणक प्रणाली यांमुळे सुस्थितीतील यंत्रही निरुपयोगी ठरते. असा दोष वेळीच ओळखला, तर तो शाळेतच दूर करता येतो. सभासदांचे योगदान मुख्यतः याच पातळीवर असते. हमी असलेल्या यंत्रांच्या अंतर्गत दुरुस्तीचे दायित्व पुरवठादारावर असते आणि त्यासाठी तक्रार नोंदविण्याची स्वतंत्र व्यवस्था आहे.

मुक्त सॉफ्टवेअरमुळे हे कार्य सुलभ झाले. उबुंटूवर आधारित एकच प्रणाली राज्यभर वापरात असल्याने एका शाळेत मिळालेले ज्ञान दुसऱ्या शाळेत उपयोगी पडते. परवान्याचे शुल्क नसल्यामुळे प्रणाली पुन्हा स्थापित करण्यात खर्चाची अथवा कायद्याची अडचण येत नाही.

अन्य कार्य

सभासद डिजिटल मासिके तयार करतात आणि 'स्कूलविकी' या मल्याळम ज्ञानकोशात आपल्या शाळेची माहिती भरतात. २०२२ साली सभासदांनी मातांसाठी सायबर सुरक्षिततेचे वर्ग घेतले.

मर्यादा

या व्यवस्थेची मर्यादा तिच्या रचनेतच आहे. सभासदत्व दहावीनंतर संपते, त्यामुळे दरवर्षी नव्या तुकडीला प्रथमपासून शिकवावे लागते आणि शाखेचे सातत्य प्रभारी शिक्षकांवर अवलंबून राहते. वीजजोडणीची कामे किंवा विद्युतपुरवठा करणारा भाग उघडणे यांसारखी जोखमीची कामे विद्यार्थ्यांकडे सोपविणे उचित नसते. कालबाह्य यंत्रांवर देखभाल हा उपाय ठरत नाही. ती ई-कचरा म्हणून योग्य रीतीने निकाली काढावी लागतात. केरळमध्ये हे काम 'क्लीन केरळ कंपनी' या शासकीय यंत्रणेमार्फत केले जाते.

विद्यार्थ्यांच्या सेवाभावामुळे यंत्रे अधिक काळ वापरात राहतात. तथापि सुटे भाग, नवी यंत्रे व तज्ज्ञांची दुरुस्ती यांसाठीच्या शासकीय तरतुदीला ती सेवा पर्याय होऊ शकत नाही.