पोटरीत गोळा येतो म्हणजे आत नेमकं काय होतं? स्नायू आकसण्यामागचं विज्ञान

आमचं घर पंढरपुरात, त्यामुळे आषाढीला पाहुणे ठरलेले. गेल्या खेपेला मामेभाऊ पहिल्यांदाच आळंदीपासून पायी आला, सुमारे २५० किमी. संध्याकाळभर तो सगळ्यांना मोबाईलवर स्टेप्स दाखवत होता. रात्री मात्र ओरडतच उठला. पोटरीत गोळा! आई म्हणाली, "पाय सरळ कर आणि चवडा आपल्याकडं ओढ." मिनिटभरात गोळा सुटला.

आता तुमच्या फोनमधला अ‍ॅक्सेलरोमीटर फक्त हिसके मोजतो, स्नायूचं त्याला काहीच कळत नाही. म्हणून म्हटलं, जरा आत डोकावून बघू.

पोटरीचा स्नायू म्हणजे हजारो बारीक तंतूंची जुडी. एक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यावर गडद-फिकट आडवे पट्टे दिसतात. या पट्ट्यांचा एक पूर्ण घर म्हणजे सार्कोमिअर. लांबी साधारण २ ते २.५ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीत तीसेक सहज बसतील. एक सेंटिमीटर तंतूत असे चार हजारांहून जास्त घर ओळीने असतात. प्रत्येक थोडंसंच आकसतं, पण बेरीज मोठी होते.

गंमत पुढे आहे. १९५४ साली 'नेचर'मध्ये एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एक अँड्र्यू हक्सली आणि निडरगर्क यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. (दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी नातं नव्हतं!) दोघांनाही दिसलं ते हेच, की स्नायू आकसताना गडद पट्टा तेवढाच राहतो आणि फिकट पट्टा अरुंद होतो. म्हणजे आतले धागे आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात.

आडातून पोहरा ओढताना बघा. दोर आखूड होतो का? नाही. एक हात धरतो, ओढतो, सोडतो, पुढची जागा पकडतो. इथे दोर म्हणजे अ‍ॅक्टिनचा बारीक धागा आणि हात म्हणजे मायोसिनच्या जाड धाग्याची डोकी. एका ओढीत धागा सरकतो जेमतेम ५ ते १० नॅनोमीटर.

एरवी दोरावरच्या पकडायच्या जागा झाकलेल्या असतात. चेतातंतूकडून सिग्नल आला की तंतूतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं, झाकण सरकतं आणि ओढाओढी सुरू होते.

मला सगळ्यात भारी वाटलं ते हे, की पकड सोडायलाही एटीपी म्हणजे पेशीतलं इंधन लागतं. शिवाय कॅल्शियम परत साठ्यात भरणाऱ्या पंपालाही तेच लागतं. मृत्यूनंतर शरीर ताठतं ते यामुळेच. एटीपी संपतं आणि हात दोराला धरलेलेच राहतात.

भावाच्या पोटरीत मात्र इंधन संपलं नव्हतं. थकलेल्या स्नायूला चेतातंतू आपल्या मर्जीशिवाय "आकस, आकस" सांगत राहिले, त्यामुळे कॅल्शियम सुटतच राहिलं. स्नायू ताणला की हे सिग्नल शांत होतात. आईचा उपाय लागू पडला तो इथेच. जोरात रगडण्यापेक्षा तो बरा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं ठणकणं वेगळं. त्याचा दोष लोक लॅक्टिक अ‍ॅसिडला देतात, पण ते चालणं थांबल्यावर तास-दोन तासांत निघून जातं. ठणकतात ते सवयीपेक्षा जास्त ताण पडून बारीक इजा झालेले तंतू, आणि ते काही दिवसांत भरून येतात. पण एकच पोटरी सुजून गरम लागली तर मालिश करत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा. शिरेत रक्ताची गाठ असू शकते.