मुंबईच्या चित्रातला माणूस

मुंबईच्या चित्रकारांना माणूस काढायला शिकवले ते जे. जे. कलाशाळेने. 1857 मध्ये सुरू झालेल्या या शाळेत विद्यार्थी बराच काळ प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून हात घडवत. जिवंत मॉडेलवरून अभ्यास करण्याचा वर्ग ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख असताना रुळला. शरीररचना, प्रमाण आणि छायाप्रकाश यांची ही शिस्त पुढच्या पिढ्यांच्या हातात मुरली.

1947 मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, तेव्हा या शिस्तीला पहिला मोठा धक्का बसला. या ग्रुपमधले, पंढरपुरात जन्मलेले आणि सिनेमाचे फलक रंगवून हात तयार झालेले म. फि. हुसेन माणसाला सोडून गेले नाहीत. त्यांनी त्याला जाड रेषेत आणि रंगाच्या सपाट तुकड्यांत बसवले. वासुदेव गायतोंडे सुरुवातीला आकृती काढत, पण पुढे त्यांच्या कॅनव्हासवर तिला जागाच उरली नाही. वास्तव आणि अमूर्त ही दोन वेगळी घराणी मात्र कधीच नव्हती. शंकर पळशीकर उत्तम व्यक्तिचित्रे करत आणि अमूर्त चित्रेही, जे. जे.मध्ये त्यांनी कितीतरी विद्यार्थी घडवले.

हे दोन्ही प्रवाह पुढे वेगळ्या रीतीने एकत्र आले ते सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांत, आणि गंमत अशी की ते जे. जे.चे नव्हेत. 1949 मध्ये पुण्यात जन्मलेल्या पटवर्धनांनी तिथल्याच आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात वैद्यकीय शिक्षण घेतले. 1973 मध्ये ते मुंबईत आले आणि 1975 पासून 2005 पर्यंत ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत राहिले. लोकल, इराणी हॉटेल, पूल आणि झोपडपट्टी हे त्यांचे विषय. ‘इराणी रेस्टॉरंट’ (1977) आणि ‘ट्रेन’ (1980) या चित्रांच्या काळातली त्यांची माणसे वजनदार आहेत. दंड, मान, खांदे असे घट्ट घनाकार होऊन येतात की शरीर ओळखीचे राहते आणि त्याच वेळी भूमितीही दिसते. फ्रेंच चित्रकार सेझानचा अभ्यास इथे स्पष्ट जाणवतो. कष्टकरी माणसाला दया म्हणून नव्हे, तर आकार म्हणून पूर्ण मान देणे ही त्यांची खरी कमाई.

1981 मध्ये ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, नलिनी मलानी, विवान सुंदरम आणि जोगेन चौधरी यांच्याबरोबर त्यांचीही चित्रे लागली. अमूर्ताचा दबदबा असलेल्या काळात माणसाची आणि त्याच्या परिसराची बाजू घेणारे हे प्रदर्शन होते. दोनच महिन्यांनी, जानेवारी 1982 मध्ये, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत, आणि पटवर्धनांच्या कॅनव्हासवरही एकट्या देहाची जागा हळूहळू शहराने घेतली.

‘टाऊन’ (1984), ‘पोखरण’ आणि ‘लोअर परळ’ (2001) या चित्रांत इमारती, रस्ते आणि रूळ एकाच बिंदूवरून पाहिलेले नाहीत. नजर वरून येते, बाजूने वळते, खाली उतरते. भिंती रंगाचे पट्टे होतात, आणि त्यांच्या फटीतून माणसे आपापल्या कामाला लागलेली असतात. 2014 च्या ‘मुंबई प्रॉव्हर्ब्स’मध्ये वसाहतकाळापासून टॉवरांपर्यंतचे शहर सात भागांत मांडले आहे.

2008–09 मध्ये त्यांनी आधुनिक भारतीय चित्रांचे एक प्रदर्शन जुळवून महाराष्ट्रातल्या शहरांतून फिरवले. मूळ चित्रे पाहायला मुंबई गाठावी लागणाऱ्या प्रेक्षकासाठी ही मोठी गोष्ट होती. त्यांच्या स्वतःच्या कामाचे सिंहावलोकन 2019 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात झाले.