लेबलाचा बट्टा

मंडळी, आज एका कोड्यापासून सुरुवात करू.

चांदीची दोन अमेरिकन नाणी आहेत. एकाच वर्षाची, एकाच टांकसाळीतली, एक औंस चांदीची. दोन्ही परीक्षकांनी तपासून, गुण देऊन, प्लास्टिकच्या पारदर्शक डबीत कायमची बंद केलेली. दोघांनाही सत्तरपैकी सत्तर गुण. तरीसुद्धा बाजारात एक नाणं दुसऱ्यापेक्षा महाग आहे. का?

उत्तर : महागाच्या डबीतल्या चिठ्ठीवर 'फर्स्ट स्ट्राइक' असं छापलेलं आहे.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. नाणं खरं की खोटं आणि त्याची अवस्था कशी, हे पैसे घेऊन ठरवून देणाऱ्या कंपन्या अमेरिकेत आहेत. पीसीजीएसने १९८६ साली काम सुरू केलं, एनजीसीने १९८७ साली. तुम्ही नाणं पाठवायचं, ते १ ते ७० या पट्टीवर गुण देणार, डबीत घालणार, चिठ्ठी लावणार. इथपर्यंत ठीक. पुढे या चिठ्ठ्यांचेच प्रकार निघाले. कुणावर झेंडा, कुणावर टांकसाळीच्या निवृत्त अधिकाऱ्याची सही, कुणावर 'फर्स्ट स्ट्राइक' नाहीतर 'अर्ली रिलीजेस'. अशा खास चिठ्ठीसाठी गुण देण्याच्या शुल्कावर नाण्यामागे आणखी काही डॉलर मोजायचे.

आता 'फर्स्ट स्ट्राइक' म्हणजे साच्यातून आधी पडलेलं नाणं, असं कुणालाही वाटेल. तसं नाही! नाणं विक्रीला आल्यापासून साधारण ३० दिवसांच्या आत कंपनीकडे किंवा तिने मान्य केलेल्या गोदामात पोचलं, एवढाच त्याचा अर्थ. नाणी कोणत्या क्रमाने पडली याची नोंद आम्ही ठेवत नाही, हे खुद्द अमेरिकी टांकसाळीने जाहीर करून सांगितलं आहे. म्हणजे ही चिठ्ठी नाण्याबद्दल नव्हे, पार्सलाबद्दल बोलते.

वाचून हसू येतं खरं. पण अमेरिकनांना हसण्याआधी आपलं घर बघावं. नाण्यावर खूण करायची आणि त्या खुणेचा भाव लावायचा, हा उद्योग आपल्याकडे दोन हजार वर्षं चाललेला आहे, आणि त्यातल्या एका टप्प्यावर त्याने सामान्य माणसाचा चांगलाच खिसा कापला.

आधी जुन्यात जुना नमुना घेऊ, आणि तो आपल्या भागातलाच आहे. माझं गाव राजूर. अकोले तालुक्यातून भंडारदऱ्याकडे जाताना लागतं ते. तिथून उत्तरेचे डोंगर ओलांडले की सिन्नरचा मुलूख येतो. त्या तालुक्यातल्या जोगलटेंभी गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी! सगळी क्षहरात राजा नहपानाची. एका बाजूला राजाचं मुंडकं, दुसरीकडे बाण आणि वज्र. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासली, तेव्हा त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर दुसऱ्या राजाचा शिक्का मारलेला आढळला. तो राजा म्हणजे नहपानाचा पराभव करणारा गौतमीपुत्र सातकर्णी. त्याने एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि आपलं नाव ठोकलं, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. खालून नहपानाचं नाक, डोळा अजून दिसतोच.

आता यातला हिशेब बघा. जिंकलेल्या राजाची नाणी वितळवून नवी पाडायची तर भट्टी आली, कोळसा आला, घट आली, पुन्हा चकत्या पाडणं आलं. त्यापेक्षा आहे त्याच नाण्यावर ठोका मारला की काम भागतं. चांदी तीच, वजन तेच. बदललं काय, तर त्या नाण्यामागे कुणाची सत्ता आहे ते. ही माहिती मूळ नाणं देऊ शकत नव्हतं, उलट ते चुकीचीच माहिती देत होतं! लेबल म्हणून पाहिलं तर स्वस्त आणि कामाचं.

पण याच साठ्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती जास्त आवडते. उरलेल्या चारेक हजार नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा नाही. तरी ती ठसेवाल्यांबरोबर एकत्रच ठेवलेली होती. ज्याने कुणी हे धन पुरलं, त्याच्या लेखी दोन्हींची चांदी सारखीच असणार. राजाला ठशाचं महत्त्व होतं, साठवणाऱ्याला चांदीचं.

तिथून एकदम मराठेशाहीत येऊ. इथे अडचण वेगळी होती. रुपया एक नव्हता, ढीगभर होते. पुण्याचा अंकुशी (त्यावर अंकुशाची खूण असे), चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी, शिवाय सुरती आणि इतर कितीतरी. टांकसाळी बऱ्याचदा मक्त्याने दिलेल्या, त्यामुळे वजनात आणि कसात फरक. मग हा रुपया त्या रुपयात मोजताना जी सूट कापायची तिला म्हणायचं बट्टा. पेशवाईच्या हिशेबांत बट्टा हे रीतसर खर्चाचं कलम आहे.

हा बट्टा ठरवणार कोण? पोतदार, पारखी, सराफ. ही आज आडनावं झाली आहेत, तेव्हा हुद्दे आणि धंदे होते. नाणं वाजवून बघायचं, काट्यावर घालायचं, शंका आली तर कसोटीच्या दगडावर घासायचं. गावगाड्यात हे काम बहुधा सोनाराकडे असे आणि त्याबद्दल त्याला धान्याच्या रूपात बलुतं मिळे. म्हणजे नाणी तपासणारी यंत्रणा गावोगाव होती, फक्त तिच्याकडे प्लास्टिकची डबी नव्हती. :)

तपासलेल्या रुपयावर सराफ अनेकदा आपला बारीक ठसा मारी. तो पाहून पुढचा सराफ निर्धास्त होई, त्याची मेहनत वाचे. आज संगणकावर डिजिटल सर्टिफिकेट जे काम करतं तेच : ज्याच्यावर माझा विश्वास आहे त्याने हे आधीच तपासलंय. गंमत अशी की आजचे परीक्षक या ठशांना बहुतेक वेळा इजा समजतात आणि नाण्याची प्रत खाली आणतात. जी खूण काल विश्वास वाढवत होती ती आज गुण घालवते.

भाषेतही ही मंडळी राहून गेली आहेत. माणूस पारखून घेतो आपण, नावाला बट्टा लागतो, बोलणं खणखणीत असतं, आणि एखादं नाणं बाजारात चालत नाही. सगळं पोतदाराच्या ओट्यावरचं.

इथवरची लेबलं शहाणपणाची. आता 'फर्स्ट स्ट्राइक'चा खापरपणजोबा बघू. त्यासाठी महाराष्ट्राबाहेर, अठराव्या शतकातल्या बंगालात जावं लागेल, कारण हा रोग तिथे सर्वांत स्वच्छ दिसतो. तिथल्या रुपयावर बादशहाच्या कारकिर्दीचं वर्ष असे. चालू वर्षाचा रुपया म्हणजे 'सिक्का'. हिशेबापुरत्या एका काल्पनिक रुपयाच्या तुलनेत तो १६ टक्के चढा धरायचा. वर्ष उलटलं की तोच रुपया १३ टक्के चढा. तिसऱ्या वर्षापासून ११ टक्के, आणि नावही बदललं : 'सनवात'. चांदी झिजली म्हणून नव्हे, दोन वर्षांत झिजून झिजून किती झिजणार? आकडा जुना झाला म्हणून.

म्हणजे १०० सिक्के रुपये आज ११६ चे, आणि दोन वर्षं मडक्यात राहिले की १११ चे. पाच रुपये कुठे गेले? सराफाकडे, नाहीतर तेच रुपये पुन्हा नवे पाडून घेतले तर टांकसाळीकडे. आणि गेले कुणाचे? ज्याला आकडा वाचता येत नव्हता त्याचे. सारा भरायला गेलेल्या कुळाला तुझा रुपया सनवात आहे म्हटलं की पुढे वाद घालायला त्याच्याकडे ना काटा ना कसोटी. बरं, माल विकताना मिळालेला रुपया कोणत्या सालचा हे निवडायची सोयही त्याला नव्हती.

यावर कंपनी सरकारने काढलेला उपाय कुठल्याही प्रोग्रामरला ओळखीचा वाटेल. त्यांनी वर्षाचा आकडा गोठवून टाकला! शाह आलम बादशहाच्या कारकिर्दीचं १९ वं वर्ष घेतलं आणि पुढच्या सगळ्या रुपयांवर तेच छापलं. व्हेरिएबल काढून तिथे कॉन्स्टंट. बादशहा १८०६ साली वारला, तरी नाण्यावर त्याचं १९ वं वर्ष चालूच. मुंबई इलाख्यात सुरती रुपयावर असंच ४६ वं वर्ष गोठवलं होतं. सगळ्यांनाच एक लेबल दिलं की लेबलावर बट्टा कापता येत नाही. पुढे १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदी असलेला एकच रुपया आला आणि या नाना रुपयांचे दिवस भरत आले. साहेबाने हे रयतेच्या प्रेमापोटी केलं असं मी म्हणत नाही, त्याला वसुली आणि व्यापार सुटसुटीत हवा होता. पण बट्ट्याची एक कात्री गेली हे खरं.

आता त्या सत्तर गुणांचीही जन्मकथा ऐका. ही पट्टी विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली एका पुस्तकात मांडली, तीही फक्त अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी. १७९४ चं अगदी झिजलेलं नाणं १ डॉलरचं धरलं तर अप्रतिम अवस्थेतलं ७० डॉलरला जातं, म्हणून ७०. गुण म्हणजे थेट किंमतच. पुढे किमती कुठल्या कुठे गेल्या, ते गणित मोडलं, पण ७० तसाच राहिला आणि जगातल्या सगळ्या नाण्यांना लागू झाला. जुन्या कोडमधला एखादा आकडा का आहे हे कुणालाच आठवत नाही पण काढायला सगळे घाबरतात, तसं. आणि कहर म्हणजे याच शेल्डनने अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली नाणी उचलून त्याजागी आपली हलकी नाणी ठेवली होती, हे त्याच्या मृत्यूनंतर उघड झालं. अवस्थेतला फरक त्याच्याइतका कुणाला कळणार!

असो. हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मी नाण्यांबद्दल वाचतो हे गावी कळल्यापासून राजूरहून मोबाइलवर फोटो येतात. आजीच्या माळेतला राणीछाप रुपया, देव्हाऱ्यातली शिवराई. आणि प्रश्न एकच : 'हे परदेशात पाठवून सर्टिफिकेट घेतलं तर लाखात जाईल का? खास लेबल लावून देतात म्हणे.'

तर एकेक बघू. शिवराई लाखोंनी पाडली गेली आणि शिवाजी महाराजांनंतरही दीर्घकाळ चालली. साधी शिवराई आज काहीशे रुपयांत मिळते. तपासणीचं शुल्क आणि टपालखर्च तिच्या किमतीच्या वर जाईल. माळेतल्या रुपयाला सोनाराने डाग देऊन कडी बसवलेली असते. तो कितीही सुंदर असला तरी परीक्षक त्याला गुण न देता 'दागिन्यातून काढलेला' एवढाच शेरा मारतील. पण त्याची चांदी ओळखायला परीक्षक लागतच नाही. १९४० च्या आधीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, जवळपास ९२ टक्के चांदीचा. १९४० पासून चांदी निम्मी. १९४७ चा तर निकेलचा. तारीख वाचता आली की झालं. नाण्यावरची तारीख हे फुकटचं लेबल आहे.

१९११ चा रुपया घ्या. त्यावर पंचम जॉर्जच्या गळ्यातल्या माळेतला हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. सुमारे ९४ लाख पाडले होते, त्यातले ७ लाखांच्या आसपास बाजारात आले, बाकीचे वितळवले. १९१२ पासून हत्ती सुधारला. आज विक्रेते या रुपयापुढे 'पिग रुपी' असं ठळक लिहितात. पण १९११ चा प्रत्येक रुपया तोच आहे! तारखेने सांगितलेलं पुन्हा सांगायचे वेगळे पैसे कशाला?

याउलट शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन, किंवा १९३९ चा दुर्मिळ रुपया. यांच्या नकला उदंड आहेत. इथे जाणकाराचं मत विकत घेणं रास्त आहे, कारण नाणं स्वतः 'मी खरा' असं सांगू शकत नाही. मात्र परदेशी पाठवण्याआधी १९७२ चा पुराणवस्तू कायदा वाचा. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं पुराणवस्तू ठरतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर धाडता येत नाही. नाण्यांचा अभ्यास समजून घ्यायचा तर नाशिकजवळ अंजनेरीला १९८० साली सुरू झालेली संशोधन संस्था आहेच, राजूरहून काही फार लांब नाही.

मी लेबलांच्या विरोधात नाही. सोन्याच्या दागिन्यांवरचं हॉलमार्क १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत सक्तीचं झालं, ते मला पटतं. सोन्याचा कस तुम्हाआम्हाला डोळ्यांनी कळत नाही, आणि शुल्क नगावर असतं, किमतीवर नाही. पोतदाराच्या ठशाचाच तो वारस. 'फर्स्ट स्ट्राइक' हा सिक्का-सनवातचा वारस. तेव्हा कुणी चिठ्ठी विकायला आलं की दोनच गोष्टी विचारा. नाणं स्वतः सांगू शकत नाही असं ही काय सांगते? आणि उद्या ही चिठ्ठी जुनी झाली की बट्टा कुणाच्या पदरातून जाणार?

आणि हो, फोटो पाठवण्याआधी नाणं चिंच लावून लख्ख घासू नका. घासलेलं नाणं कुठल्याही लेबलाने सुधारत नाही. न घासायला पैसे पडत नाहीत.