पाण्याचा ताप ओळखणारा मणी

खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून, गाडी थंड होण्याची वाट पाहत उभे असलेले लोक पूर्वी हटकून दिसायचे. आता कमी दिसतात. याचं थोडं श्रेय इंजिनात लपलेल्या एका छोट्या मण्यालाही द्यायला हवं.

सुरुवातीच्या मोटारींत इंजिन तापल्याचं कळायचं ते वाफ निघाल्यावरच. १९१२ साली हॅरिसन बॉइस या अमेरिकी माणसाला रेडिएटरच्या झाकणावर बसणाऱ्या थर्मामीटरचं पेटंट मिळालं. चालकाला तो बसल्या जागेवरून दिसे. गंमत म्हणजे तो पाण्याचं नव्हे, पाण्यावरच्या वाफेचं तापमान दाखवी. पुढे काटा डॅशबोर्डवर आला.

मण्याची गोष्ट मात्र त्याहून जुनी. १८३३ साली मायकेल फॅराडे यांना सिल्व्हर सल्फाइडमध्ये एक विचित्र गोष्ट आढळली. धातू तापला की विजेला अधिक अडवतो. हा पदार्थ तापला की विजेला वाट मोकळी करून देत होता. मी बी.ए. झालेला कवी माणूस, पण हा उलटा स्वभाव मला भारी आवडला. तो व्यवहारात उतरायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. १९३० साली सॅम्युएल रुबेन यांनी थर्मिस्टर तयार केला.

आजच्या सेन्सरमध्ये मँगनीज, निकेल अशा धातूंच्या ऑक्साइडचा थर्मिस्टर असतो आणि सेन्सरचं टोक कूलंटमध्ये बुडालेलं असतं. एका नेहमीच्या प्रकारात २० अंशांना त्याचा रोध अडीच हजार ओहमच्या आसपास, तर ८० अंशांना जेमतेम तीनशे. गाडीचा कॉम्प्युटर ५ व्होल्टचा पुरवठा देऊन हा फरक वाचतो आणि पेट्रोल किती सोडायचं, पंखा कधी लावायचा ते ठरवतो. आपल्याकडे २००० साली मारुती ८०० मध्येही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं आणि हा मणी सामान्यांच्या दारात पोचला.

तो फसतो कधी? वायर तुटली, तर कॉम्प्युटरला वाटतं उणे चाळीस अंशांची थंडी पडलीय! बऱ्याच गाड्या ही चूक ओळखून दिवा लावतात आणि पंखाही सुरू ठेवतात. खरा धोका दुसराच. कूलंट गळून गेलं, तर सेन्सर कोरडा पडतो. मग तो इंजिनाचा नव्हे, भोवतालच्या हवेचा आणि वाफेचा ताप सांगतो. इंजिनाचं हेड भाजत असतं आणि काटा खाली येऊ शकतो. म्हणून चढणीवर वर गेलेला काटा विनाकारण एकदम खाली आला, तर हायसं वाटून घेऊ नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि ते पुरतं थंड झाल्यावरच कूलंट पाहा.