इंग्रजी शिकणारे विद्यार्थी आणि डिजिटल कथाकथन : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
स्वतःची गोष्ट स्वतःच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून, तिला छायाचित्रे व संगीताची जोड देऊन दोन-तीन मिनिटांची चित्रफीत तयार करणे म्हणजे डिजिटल कथाकथन होय. इंग्रजीच्या अध्यापनात या पद्धतीचा विचार बहुधा तंत्रज्ञानाच्या अंगाने होतो. तिचे बळ यंत्रात आहे की विद्यार्थ्याला मिळणाऱ्या आवाजात, याचा शोध प्रस्तुत लेखात इतिहासाच्या आधारे घेतला आहे.

पार्श्वभूमी :
अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात इंग्रजी न येणाऱ्या सुमारे १८०० चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांना भाषेसाठी कोणतेही साहाय्य मिळत नव्हते. ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. सर्वांना तीच पुस्तके व तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक दिली असे होत नाही, हे या निर्णयाचे सार होते. वर्गात बसलेला, परंतु भाषेअभावी मुका राहिलेला विद्यार्थी त्यामुळे कायद्याच्या दृष्टिपथात आला.

चळवळीचा उगम :
याच शहरात १९९४ साली डेना अ‍ॅचली, जो लॅम्बर्ट आणि नीना मुलेन यांनी डिजिटल माध्यम केंद्र सुरू केले. १९९८ मध्ये ते बर्कली येथे ‘सेंटर फॉर डिजिटल स्टोरीटेलिंग’ या नावाने स्थिरावले. लॅम्बर्ट हे रंगभूमीवरून आलेले होते. भाषाशिक्षण हा केंद्राचा मूळ हेतू नव्हता. सामान्य माणसाने आपली कथा सांगावी, एवढाच आग्रह होता. कार्यशाळेचा आरंभ संगणकापासून होत नसे. सहभागी मंडळी प्रथम वर्तुळात बसून एकमेकांच्या गोष्टी ऐकत. नंतर संहितालेखन, ध्वनिमुद्रण आणि शेवटी संकलन होई. बीबीसीने २००१ साली वेल्समध्ये हाच प्रयोग इंग्रजी व वेल्श अशा दोन्ही भाषांत राबविला.

वर्गातील प्रवेश :
आयमूव्ही (१९९९) व विंडोज मूव्ही मेकर (२०००) या सुलभ आज्ञावलींमुळे ही पद्धत शाळांच्या आवाक्यात आली. भाषेच्या वर्गात तिचे महत्त्व विशेष आहे. श्रवण, भाषण, वाचन व लेखन ही चारही कौशल्ये येथे एकाच कृतीत गुंफली जातात. शिवाय ध्वनिमुद्रण समाधान होईपर्यंत पुन्हा करता येते. त्यामुळे अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला इतरांच्या हसण्याची भीती न बाळगता सराव करता येतो.

मात्र याच काळात धोरण उलट दिशेने जात होते. कॅलिफोर्नियात १९९८ साली जनमताने संमत झालेल्या प्रस्ताव २२७ ने शाळांतील द्विभाषिक शिक्षणावर कठोर मर्यादा आणल्या; त्या २०१६ च्या जनमतानंतर दूर झाल्या. तंत्रज्ञान विद्यार्थ्याला बोलते करू पाहत असता कायदा त्याची घरची भाषा वर्गाबाहेर ठेवत होता.

कॅनडात जिम कमिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग दाखविला. टोरांटो परिसरातील सातवीच्या तीन मुलींनी स्थलांतरावर इंग्रजी-उर्दू असे वीस पानी सचित्र पुस्तक तयार केले. त्यांपैकी एक नुकतीच पाकिस्तानातून आलेली असून तिचे इंग्रजी अगदी जुजबी होते. चर्चा उर्दूत झाली, म्हणूनच ती मुलगी लेखिका होऊ शकली. ही चित्रफीत नव्हे. तरीही तत्त्व तेच आहे. अशा कृतींना कमिन्स यांनी ‘अस्मितेची संहिता’ म्हटले.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, या पद्धतीत साधन दुय्यम आणि कथा प्रधान आहे. प्रथम इंग्रजी, मग अभिव्यक्ती, हा क्रम ती उलटा करते. सांगण्यासारखे काही असले की भाषेची गरज आपोआप निर्माण होते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकविले जाते. संगणककक्ष उभारताना विद्यार्थ्याची गोष्ट त्याच्या मायबोलीतून ऐकून घेण्यास तासिकेत वेळ ठेवला नाही, तर हाती केवळ चित्रफिती उरतील; बोलणारा विद्यार्थी नव्हे.