पोलीस जोडीदार : संबंधविच्छेद व सुरक्षितता

पोलीस सेवेतील सूडबुद्धीच्या जोडीदाराशी नाते तोडताना जीव, नोकरी आणि अब्रू सांभाळण्याचे मार्ग. एरवी पीडिता ज्या ठाण्याची पायरी चढते, तिथेच या प्रकरणांत समोरच्याचे बॅचमेट आणि जुने सहकारी बसलेले असू शकतात. घाव इथेच बसतो.

नवी मुंबईतील अश्विनी बिद्रे-गोरे खून खटल्याने हे उघड केले. त्या स्वतः सहायक पोलीस निरीक्षक होत्या, कळंबोलीत राहत. पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर याच्याशी त्यांचे संबंध होते आणि लग्नाच्या आग्रहावरून खटके उडत. कुरुंदकर त्यांना मारहाण करतानाचे चित्रण पुढे कुटुंबीयांच्या हाती लागले. ११ एप्रिल २०१६ रोजी भाईंदरमध्ये त्यांचा खून झाला. मृतदेहाचे तुकडे वसईच्या खाडीत टाकले गेले. त्यानंतर त्यांच्याच मोबाइलवरून, आपण विपश्यनेला जात असल्याचे संदेश नातेवाइकांना आले. अपहरणाचा गुन्हा जानेवारी २०१७ मध्ये नोंदला गेला, अटक डिसेंबरात झाली. खून आणि अटक यांच्या मधल्या काळात कुरुंदकरला राष्ट्रपती पदक जाहीर झाले. पदकासाठी त्याच्या नावाची शिफारस झालीच कशी, यावर न्यायालयाने बोट ठेवले. पनवेल सत्र न्यायालयाने २१ एप्रिल २०२५ रोजी त्याला जन्मठेप सुनावली. मृतदेह सापडलाच नाही. वर्दी घालणारी बाई जिथे वाचली नाही, तिथे सामान्य बाईने केवळ धीरावर विसंबू नये.

म्हणून तक्रार जोडीदाराच्या वर्तुळाबाहेर नेणे हा पहिला नियम. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला असो, कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते. ठाण्याने टाळाटाळ केल्यास अधीक्षकांकडे लेखी आणि मग दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. लग्न झालेले नसले, तरी विवाहासारख्या नात्यात एकत्र राहिलेल्या स्त्रीला २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण आदेश मागता येतो. पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खालील गुन्हा आहे. खात्यांतर्गत दबाव असल्यास राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाचा दरवाजा वेगळा आहे.

मोबाइलची बाजू विशेष जपावी. कॉलच्या नोंदी (सीडीआर) मागवण्याचा अधिकार वरिष्ठांकडे असला, तरी २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनीच सीडीआर बेकायदा विकणारी टोळी पकडली होती. नवा क्रमांक, बदललेले पासवर्ड, बंद केलेले लोकेशन. आणि धमक्यांचे संदेश, मारहाणीचे वैद्यकीय दाखले यांच्या प्रती विश्वासातल्या माणसाकडे, घराबाहेर. शेवटची भेट एकांतात कधीही घेऊ नये, ‘फक्त बोलायचंय’ असा निरोप आला तरी. निघण्याची तारीख त्याला सांगू नये. भावाला, मैत्रिणीला, वकिलाला मात्र आधी सांगावी.

महिला हेल्पलाइन १८१, तातडीसाठी ११२, विधी सेवेसाठी १५१००. उत्पन्न कितीही असले तरी १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला वकील विनामूल्य मिळतो.