सावता माळ्याच्या मळ्यात मिरची होती का?

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या बाल्कनीतल्या मिरचीची पानं वाटीसारखी वर वळायला लागली. पुण्यात पारा चाळिशीला टेकला होता. सोसायटीत पाणी दिवसातून एकदाच, तेही टँकरचं. त्यामुळे तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवून मी कुंड्यांना घालत होतो. टोमॅटोला फुलं येत होती आणि रोज सकाळी खाली पडलेली सापडत होती. भेंडीवर मावा. एकटी गवार तेवढी मजेत.

मिरचीचं बी आजीचं होतं. बार्शीजवळच्या आमच्या गावात ती दरवर्षी परसात मिरची लावते आणि लाल झालेल्या मिरच्यांचं बी पुडीत बांधून ठेवते. यंदा विहिरीने मार्चमध्येच तळ गाठला, म्हणून तिने काही लावलंच नाही. पुडी माझ्या हातात देत म्हणाली, "तुझ्याकडं तरी जगू दे."

व्हिडिओ कॉलवर पानं दाखवली तर क्षणात म्हणाली, "बोकड्या पडलाय रं." नंतर कळलं, पानं वर वळली तर बहुधा फुलकिडे आणि खाली वळली तर कोळी. कोरड्या, तापलेल्या हवेत हे दोन्ही जोरात वाढतात. लिंबोळी अर्क फवार, शेंडा खुडू नकोस, असं सांगता सांगता ती सावता माळ्यांचा तो सगळ्यांना पाठ असलेला अभंग गुणगुणायला लागली. मळ्यातल्या भाज्यांमध्येच विठ्ठल पाहणारा. त्यात कांदा येतो, मुळा येतो, आणि मिरचीही येते.

मी पटकन बोलून गेलो, "अगं आजी, सावतोबांच्या मळ्यात मिरची असूच शकत नाही."

ती थांबली. मग म्हणाली, "म्हंजे आम्ही इतकी वर्षं खोटंच म्हणत आलो व्हय?"

दिवसभर लोकांच्या कोडमधल्या चुका दाखवणं हे माझं काम आहे. पण असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

आधी तारखा बघू. सावता माळी सोलापूर जिल्ह्यातल्या अरण गावचे. काळ १२५० ते १२९५. मळ्यातलं काम हीच पूजा मानून ते पंढरपूरला गेले नाहीत, असं वारकरी परंपरा सांगते. मिरची मात्र अमेरिका खंडातली. मेक्सिकोत ती हजारो वर्षं पिकवली जात होती, आणि समुद्राच्या या बाजूला तिचा पत्ताच नव्हता. १४९२ मध्ये कोलंबस आपल्याकडची मिरी शोधायला निघाला आणि पोहोचला कॅरिबियन बेटांवर. तिथे तिखट फळ दिसलं, त्याला त्याने मिरीच्याच जातीतलं ठरवलं. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि सोळाव्या शतकात त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. म्हणजे सावता माळ्यांच्या निधनानंतर किमान दोनशे वर्षांनी.

त्याआधी आपलं जेवण फिकं नव्हतं. मिरी, पिंपळी, आलं यांच्यावर तिखटपणा चालायचा. मग अभंगात मूळ शब्द 'मिरी' असेल का? मला शंका आहे. मिरीचा वेल दमट हवेचा, सावलीचा, झाडावर चढणारा. अरणच्या कोरड्या उन्हात तो कांद्याशेजारी वाढणार नाही.

तिखट नव्या फळाला जुन्या मिरीवरून 'मिरची' म्हटलं, आणि दोन पिढ्यांत ती घरची झाली. टोमॅटोचंही तेच. अमेरिकेतून आलेल्या या फळाला जुन्या मराठीत 'बेलवांगी' म्हणत, बंगालीत 'बिलाती बेगुन', म्हणजे विलायती वांगं. गंमत म्हणजे हे नाव शास्त्राला धरून आहे. वांगं, टोमॅटो आणि बटाटा एकाच प्रजातीतले, आणि मिरची त्याच कुळातली. बटाट्याचं तर नावच पोर्तुगीज. नवी भाजी ओळखीच्या नावाने हाक मारून आत घ्यायची, ही आपली जुनी सवय.

खरी जुनी रहिवासी म्हणजे वांगी. हरियाणातल्या फरमाणा इथे सिंधू संस्कृतीचं उत्खनन झालं, त्यात आपल्या पुण्यातल्या डेक्कन कॉलेजचा सहभाग होता. तिथल्या चार हजारांहून जास्त वर्षं जुन्या भांड्यांवर वांगं, आलं आणि हळदीचे स्टार्चचे कण सापडले. काकडी हिमालयाच्या पायथ्याची. भेंडी आणि चवळी आफ्रिकेतून आल्या, पण आता त्यांना परकं म्हणायची कुणाची हिंमत नाही.

हे वाचताना माझ्या बाल्कनीचंही कोडं थोडं सुटलं. दिवसा पस्तिशीच्या वर तापमान आणि रात्रीही उकाडा असला की टोमॅटोचे परागकण निकामी होतात, फुलं गळतात. मी त्याला खत घालत होतो, पाणी वाढवत होतो, आणि चूक माझीच समजत होतो. गवार मात्र कमी पाण्याला, रणरणत्या उन्हाला सरावलेली. मी काही न करता ती शेंगा देत राहिली.

राहिला आजीचा प्रश्न. सावता माळ्यांचे अभंग काशीबा गुरवांनी लिहून घेतले असं मानतात. आज त्यांतले सुमारे ३७ मिळतात. पण ते टिकले ते मुख्यतः गाणाऱ्यांच्या तोंडी. मला वाटतं, सोळाव्या शतकानंतर कधीतरी एखाद्या गाणाऱ्याच्या शेतात मिरची आली आणि ती अभंगातही शिरली. सॉफ्टवेअरमध्ये कोणती ओळ कुणी, कधी बदलली याची नोंद राहते. इथे ती राहिली नाही.

हे सगळं मी आजीला फोनवर सांगितलं. कोलंबस, पोर्तुगीज, परागकण, सगळं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "ज्यानं घातली त्याच्या मळ्यात असंलच की मिरची. आपल्या मळ्यात हाय तेच म्हणायचं असतं."

मी दोन आठवडे वाचून जिथे पोहोचलो, तिथे ती एका वाक्यात आली. तिच्या लेखी ती ओळ खोटी नव्हती. कुणीतरी आपलं घाम गाळून वाढवलेलं झाड देवापुढे नेऊन ठेवलं होतं, एवढंच.

हिशोब सांगतो. कुंड्या, माती, कोकोपीट आणि लिंबोळी अर्क मिळून २,३०० रुपये. मे संपेपर्यंत टोमॅटो शून्य, गवार तीन वेळच्या भाजीपुरती, मिरच्या ११. मंडईत एवढ्या मिरच्या भाजीवाल्या मावशी कोथिंबिरीबरोबर फुकट टाकतात.

त्यांतल्या नऊ खाल्ल्या. दोन झाडावरच लाल होऊ दिल्या, सावलीत वाळवल्या आणि बी काढून पुडी बांधली. जूनमध्ये पाऊस झाला की गावी जाणार आहे. आजीने परसातली जागा आत्ताच खणून ठेवली आहे.